चंद्रावरचा ससा : 'ओकामी' या जपानी खेळात शिल्लक राहिलेली एक जातककथा

दिवा आणि डोंबिवली या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या कोपर येथील एका विहारात आम्ही रविवारी सकाळी मुलांना प्राथमिक पाली शिकवितो. काही महिन्यांपूर्वी या वर्गात ससपण्डितजातक सांगण्याचा प्रसंग आला. कथा संपली आणि शक्राने चंद्रमंडलावर सशाचे चित्र काढले, या वाक्यापाशी आम्ही थांबलो, तोच मागच्या रांगेतला आठवीतील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हा ससा मी पाहिला आहे. तो चंद्रावर बसून मोची कुटतो. आमच्या दादाच्या कॉम्प्युटरवर आहे." वर्गात हशा पिकला. मोची म्हणजे चपला शिवणारा, एवढाच अर्थ इतर मुलांना ठाऊक होता. चिकट तांदळाचा भात कुटून केलेल्या जपानी पदार्थाचे ते नाव आहे, हे सांगून आम्ही वेळ निभावून नेली. परंतु मुलाचे म्हणणे मनातून जाईना. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन आम्ही तो खेळ समक्ष पाहिला. प्रस्तुत लेख हे त्या पाहण्याचे फळ होय.

खेळाचे नाव 'ओकामी'. जपानमधील कॅपकॉम या कंपनीच्या क्लोव्हर स्टुडिओने तो तयार केला आणि एप्रिल २००६ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. समीक्षकांनी खेळाची मोठी वाखाणणी केली. विक्री मात्र बेताचीच झाली आणि २००७ साली क्लोव्हर स्टुडिओ बंद पडला. खेळ मात्र टिकला. २००८ पासून निरनिराळ्या यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या, २०१७ साली तो संगणकावर आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या पुढील भागाची घोषणा झाली. 'ओकामी' या जपानी उच्चाराला दोन अर्थ आहेत : एक 'लांडगा' आणि दुसरा 'महान देवता'. लिहिताना चिन्हे वेगळी, उच्चार तोच. या श्लेषावरच खेळाची उभारणी आहे. अमातेरासू ही जपानी सूर्यदेवता पांढऱ्या लांडग्याच्या रूपात अवतरते, आठ डोक्यांच्या ओरोचि नावाच्या सर्पाच्या शापाने सुकून गेलेली भूमी हिंडते, झाडे फुलविते, नद्या शुद्ध करते, राक्षसांशी लढते. तिच्यासोबत इस्सुन नावाचा अंगठ्याएवढा भटका चित्रकार असतो. तिच्या हाती येणारी शस्त्रे तीन प्रकारची आहेत : आरसा, मणी आणि तलवार. जपानच्या सम्राटपदाची तीन परंपरागत चिन्हेही हीच. म्हणजे कथा सर्वस्वी शिंतो धर्माची, देवदेवतांची आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील मुलाने ती का पाहावी, असा प्रश्न कोणी विचारील तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

तथापि कथेपेक्षा चित्राकडे पाहिले तर निराळेच काही दिसू लागते.

खेळाचा सारा पडदा म्हणजे जणू कागद आहे. त्यावर कागदाचा पोत दिसतो, डोंगरांच्या कडा कुंचल्याच्या जाड-बारीक रेषांनी काढलेल्या आहेत आणि लांडगा धावला की त्याच्या पावलांमागे फुले उमलतात. आरंभी निर्मात्यांचा विचार वास्तवदर्शी चित्रणाचा होता. परंतु तेवढे काम पेलण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात नव्हते. पुढे कुंचल्याने काढलेल्या चित्रांचा मार्ग सापडला आणि अडचणही दूर झाली. खेळणाऱ्याने एक कळ दाबताच सर्व हालचाल थांबते, रंग लोपतात, पडदा कोऱ्या चित्रासारखा होतो आणि खेळणाऱ्याच्या हाती कुंचला येतो. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. शत्रूवर आडवी रेघ ओढली की तो कापला जातो. वाळलेल्या झाडाभोवती फेर काढला की ते बहरते. शाई मोजकी आहे. ती संपली की थांबावे लागते आणि पुरती आटली तर देवतेची दैवी चिन्हे मावळून ती साधा पांढरा लांडगा होते. ही शेवटची गोष्ट आम्हांला विशेष वाटली. देवतेचे देवत्व शाईवर अवलंबून असावे, असे खुद्द निर्मात्यांनीच मांडून ठेवले आहे.

ही शाई जपानमध्ये कोणी रुजविली? काळ्या शाईने, थोडक्या फटकाऱ्यांत चित्र काढण्याची कला चीनमधून जपानमध्ये नेली आणि वाढविली ती प्रामुख्याने झेन भिक्खूंनी. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव सेस्शू (१४२०–१५०६) यांचे. हे क्योतोच्या शोकोकु-जी विहारात राहिलेले भिक्खू. १४६७ ते १४६९ या काळात चीनमध्ये जाऊन आले. त्यांच्या बालपणाची एक आख्यायिका जपानमध्ये घरोघर सांगतात. लहानग्या सेस्शूचे अभ्यासात लक्ष नाही म्हणून विहारातील आचार्यांनी त्याला खांबाला बांधून ठेवले. तेव्हा त्याने जमिनीवर पडलेल्या आपल्या अश्रूंनी, पायाच्या अंगठ्याने उंदीर काढला आणि तो इतका जिवंत उतरला की आचार्यांना खराच वाटला. इतिहास म्हणून या कथेला किंमत नाही. पण काढलेली रेषा जिवंत होते, ही 'ओकामी'ची मूळ कल्पना जपानी मनात कोठून आली असेल, याचा मागोवा घेताना या भिक्खूच्या अश्रूंकडे लक्ष जाते.

दुसरी परंपरा उकियो-ए या छापील चित्रांची, जिच्या जाड बाह्यरेषा खेळात जागोजागी दिसतात. हे नावच पाहण्याजोगे आहे. 'उकियो' या शब्दाचा जुना अर्थ 'दुःखमय जग' असा होता, आणि त्यामागे बौद्ध विचार होता. एदो काळातील शहरी लोकांनी उच्चार तोच ठेवून चिन्ह पालटले आणि अर्थ केला 'तरंगते जग' : क्षणाचे, म्हणून मौजेचे. अनिच्चतेचा सिद्धान्त तोच. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा! तिसरी परंपरा याहूनही जुनी आहे. क्योतोजवळील कोझान-जी विहारात बाराव्या-तेराव्या शतकांतील 'चोजू-गिगा' नावाचे चित्रपट जतन झाले आहेत. त्यांत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात आणि एका ठिकाणी बुद्धाच्या जागी बसलेल्या बेडकापुढे भिक्खूच्या वेशातील माकड पूजा करते. आपल्याच धर्मातील कर्मकांडाची अशी थट्टा करणारे चित्र एका विहाराने शतकानुशतके सांभाळून ठेवले, ही गोष्ट आम्हां भारतीय बौद्धांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता सशाकडे वळू. 'ओकामी'त कुंचल्याच्या प्रत्येक विद्येची एक देवता आहे आणि या देवता बहुतेक प्राण्यांच्या रूपात येतात. आकाशात चंद्रकोर काढून रात्र आणण्याची विद्या ज्या देवतेकडे आहे तिचे नाव यूमिगामी. ती ससा आहे आणि तिच्या हाती मोची कुटण्याचे मुसळ आहे. आमच्या विद्यार्थ्याने पाहिला तो हाच.

ससपण्डितजातक हे जातकट्ठकथेतील ३१६ वे जातक. चरियापिटकातही ही चर्या आली आहे आणि आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेतही. कथा अशी. एका अरण्यात ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर असे चौघे मित्र राहत. ससा त्यांत शहाणा. उद्या उपोसथ आहे, याचक आल्यास आपल्या आहारातून त्याला द्या, असे तो मित्रांना सांगतो. दुसऱ्या दिवशी पाणमांजराला गंगेच्या वाळूत कोळ्याने पुरून ठेवलेले सात मासे सापडतात. ते तीनदा ओरडून विचारते, याला कोणी धनी आहे काय? उत्तर येत नाही, मग ते घेऊन जाते. कोल्ह्याला शेतराख्याच्या झोपडीत मांस, घोरपड आणि दह्याचे मडके मिळते. तोही तीनदा विचारतो. माकड आंबे आणते. सशाजवळ मात्र गवताशिवाय काही नाही आणि गवत माणसाला देता येत नाही. तो ठरवितो की कोणी आलाच तर त्याला आपले शरीर द्यावे.

शक्र ब्राह्मणाच्या वेषात येतो. तिघे मित्र आपापले अन्न देऊ करतात. ससा म्हणतो, लाकडे गोळा करून अग्नी पेटव. तू शीलवान आहेस, प्राणिहत्या तू करणार नाहीस, म्हणून मीच निखाऱ्यांत उडी घेतो. उडी घेण्यापूर्वी तो एक गोष्ट करतो, आणि संपूर्ण कथेत आम्हांला हीच सर्वांत मोलाची वाटते. आपल्या केसांत बारीक जीव असतील तर ते जळू नयेत, म्हणून तो तीनदा अंग झाडतो. स्वतःचे शरीर देणाऱ्यालाही दुसऱ्याचा जीव देण्याचा अधिकार नाही, हे अट्ठकथाकाराने या एका हालचालीतून सांगितले आहे. पुढे अग्नी बर्फासारखा थंड लागतो, शक्र आपले रूप प्रकट करतो आणि या सशाचे शील कल्पभर प्रसिद्ध राहावे म्हणून पर्वत पिळून त्याच्या रसाने चंद्रमंडलावर सशाचे चिन्ह काढतो. पर्वताचा रस ही शाई, आकाश हा कागद. आकाशावर चित्र काढण्याची जी किमया 'ओकामी'त पाहून मुले हरखतात, तिचे एक भव्य वर्णन पालीत असे आधीच लिहिलेले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चंद्रावर ससा दिसतो ही कल्पना जातकाने निर्माण केलेली नाही. वैदिक वाङ्मयात ती येते. मराठीत रूढ झालेले 'शशी', 'शशांक' हे शब्द त्याच कल्पनेचे. चीनमध्येही बौद्ध धम्म पोहोचण्यापूर्वीच्या, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील मावांगदुई येथील थडग्यात मिळालेल्या रेशमी पटावर चंद्रात ससा आहे. चिनी ससा अमरत्वाचे औषध कुटतो. जपानमध्ये आल्यावर तो मोची कुटू लागला. पौर्णिमेच्या चंद्राला जपानीत 'मोचिझुकी' म्हणतात, त्या शब्दखेळातून हे घडले असे सांगतात. तेव्हा यूमिगामीच्या हातातले मुसळ पालीतून आलेले नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आपला वारसा सिद्ध करण्याच्या उत्साहात सगळेच आपले म्हणण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. जातकाने केले ते वेगळेच. डाग जुना होता; त्याला कारण दिले. तो तेथे का आहे, या प्रश्नाला दान हे उत्तर दिले.

आणि हे उत्तर जपानपर्यंत पोहोचले याला लेखी पुरावा आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'कोंजाकु मोनोगातारिशू' या प्रचंड कथासंग्रहाचा पहिला विभाग भारतातील कथांचा आहे; त्यातील पाचव्या ग्रंथात ससा, कोल्हा आणि माकड या तिघांची कथा आहे. सातव्या शतकात ह्युएन-त्संगानेही वाराणसीच्या परिसरात या तीन प्राण्यांची कथा ऐकल्याची नोंद केली आहे. प्रवासात पाणमांजर गळाले. आणखी एक फरक पडला, तो मोठा आहे. पालीत अग्नी थंड होतो आणि ससा वाचतो. जपानी कथेत ससा खरोखर जळतो आणि त्यानंतर इंद्र त्याचे रूप चंद्रात ठेवतो. आमच्या मते पाली कथेचा शेवट अधिक धम्मसंगत आहे. चेतना शुद्ध होती, एवढे पुरे झाले; मृत्यूची आवश्यकता राहिली नाही. जन्मजन्मांतरीचा वृत्तान्त म्हणून जातके स्वीकारण्याचे कारण नाही; बाबासाहेबांनी दाखविलेल्या विवेकाने वाचली तर ती नीतिकथा ठरतात आणि नीतिकथेत शेवट कोठे करावयाचा, हे महत्त्वाचे असते.

आता प्रश्न असा उरतो की कुंचला भिक्खूंचा, सशाच्या मागे कथा बोधिसत्त्वाची, मग खेळाच्या कथेत केंद्रस्थानी केवळ शिंतो देवताच का? याचे सर्व उत्तर निर्मात्यांच्या आवडीनिवडीत शोधून चालणार नाही. सुमारे हजार वर्षे जपानमध्ये शिंतो देवता आणि बुद्ध-बोधिसत्त्व एकाच आवारात नांदत. अमातेरासू ही महावैरोचन बुद्धाचेच रूप आहे, असे मानणारी परंपरा होती. १८६८ साली मेइजी शासनाने दोहोंना वेगळे करण्याचे हुकूम काढले. त्या लाटेत बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या, ग्रंथ जाळले गेले, भिक्खूंना चीवर उतरविणे भाग पडले. नारा येथील कोफुकु-जीसारख्या महाविहाराची दुर्दशा झाली. अमातेरासू सम्राटाच्या घराण्याची आदिमाता म्हणून राज्याच्या केंद्रस्थानी बसली आणि त्याच नावावर पुढे युद्धे लढली गेली. आज जपानी माणूस पुराणकथा आठवितो तेव्हा ती बुद्धाविना आठवितो, यात त्या हुकुमांचा वाटा नाही असे कसे म्हणावे? महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणणारी माणसे दुष्टाव्याने तसे म्हणत नाहीत. आपल्या आधी कोणीतरी नाव बदलले, हे त्यांना ठाऊकच नसते.

खेळाच्या शेवटाबद्दल आमचा मतभेद मात्र स्पष्टपणे नोंदविला पाहिजे. अखेरच्या युद्धात देवतेचे बळ सरते. तेव्हा इस्सुनने गावोगाव वाटलेली तिची चित्रे पाहून लोक प्रार्थना करतात आणि त्या प्रार्थनेने तिला पुन्हा सामर्थ्य येते. आमच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग फार आवडतो. तो सांगताना त्याचे डोळे चमकत होते. आम्ही त्याला विचारले, लोकांच्या प्रार्थनेवाचून जी उभी राहू शकत नाही, ती लोकांचे रक्षण करते म्हणायचे की लोक तिचे? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग खरे काम इस्सुननेच केले." आम्ही याहून चांगले उत्तर दिले नसते. आपल्याही घराघरात भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांची चित्रे आहेत. ती कोणी माथ्यावर वाहून आणली, कोणत्या जत्रेत, कोणत्या सभेच्या दाराशी विकली, हा आपल्या चळवळीच्या इतिहासाचा एक न लिहिलेला भाग आहे. त्या चित्रांतून दैवी शक्ती उत्पन्न होत नाही. त्यांच्यामुळे माणसे एकत्र येतात, एवढेच आणि तेवढे पुष्कळ.

असाच एक मुद्दा दानाचा. खेळात चिमणीला दाणे टाकता येतात, हरणाला पाला देता येतो. अन्न पुढे ठेवताच प्राणी जवळ येतो, दोघे शांत बसतात. दृश्य मोठे सुंदर आहे. परंतु प्रत्येक दानानंतर मोजलेले गुण मिळतात आणि ते खर्चून देवतेची शक्ती वाढविता येते. पुण्य हे चलन झाले! वास्तविक आपल्याकडेही दानाचा अर्थ अनेकांनी असाच करून ठेवला आहे, तेव्हा जपानी कंपनीला दोष देऊन काय उपयोग? सशाला काही मिळवायचे नव्हते. ज्यात देणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही, असा खेळ रचता येईल काय, हे आम्हांला सांगता येत नाही. तो रचणाऱ्याची कसोटी लागेल.

रचणारे आपल्याकडे नाहीत असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा याच जातीचा साहसखेळ जगापुढे आणला. पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकला यांचा त्यात आधार घेतला आहे; असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी त्याची नायिका आहे आणि दुर्गा व विष्णू तिला साहाय्य करतात. काम देखणे आहे. परंतु पुण्याहून अजिंठा दूर नाही. तेथील सतराव्या लेण्यात छद्दन्त आहे, महाकपि आहे, वेस्सन्तर आहे. हत्ती, माकडे आणि हंस माणसांपेक्षा अधिक माणुसकीने वागताना भिंतीभर दिसतात. या भिंतींचे मोल जपान्यांना फार पूर्वी कळले होते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ साली भारतात आलेल्या आराई काम्पो या चित्रकाराने पुढे अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. टोकियोला नेलेल्या त्या नकला १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. ज्यांची तुलना अजिंठ्याशी केली जाते, त्या होर्यू-जी विहारातील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम १९४० साली सुरू झाले, तेव्हा त्यातही काम्पो होते. १९४५ साली ते वारले आणि २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यू-जीची मूळ चित्रेही आगीत होरपळली. त्यानंतरच्या वर्षी, १९५० साली, जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला.

कोपरच्या वर्गात पुढील रविवारी मुलांनी लांडग्याची गोष्ट मागितली. पालीत लांडगा आहे. वकजातक, क्रमांक ३००. गंगेला पूर येऊन खडकावर अडकलेला, खायला काही न मिळालेला लांडगा विचार करतो की उपाशी राहावे लागणारच आहे, तर उपोसथच का पाळू नये? शक्र बोकडाचे रूप घेऊन समोर येतो. लांडगा म्हणतो, उपोसथ दुसऱ्या दिवशी पाळू, आणि झेप घेतो. बोकड काही हाती लागत नाही. तेव्हा तो परत खडकावर येऊन पडतो आणि समाधान मानतो की चला, निदान आपला उपोसथ तरी मोडला नाही. मुले पोट धरून हसली. आमच्या विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर खडक, पाणी आणि लांडगा काढला होता. लांडग्याच्या पाठीवर त्याने अमातेरासूच्या अंगावरील लाल खुणा काढल्या होत्या. आम्ही त्याला त्या पुसावयास सांगितले नाही.